बॉम्ब शेल्टरमधलं पिंप

सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक बॉम्ब शेल्टर होतं. त्या सुमारास बांधलेल्या सरकारी फ्लॅटांना ते असायचंच: जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, आणि पाणबुडीला शोभावं असं लोखंडी दार. युद्ध काही आलं नाही, म्हणून शेजारणी त्यात तांदळाची पोती, जुने पंखे आणि चिनी नववर्षाचे कंदील कोंबून ठेवायच्या. आमच्या शेल्टरमध्ये व्हिस्कीच्या जुन्या पिंपात घरी केलेली बीअर मुरत होती. नवऱ्यानं ती हौसेनं केलीय असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे ती मुरेपर्यंत तो दारूला शिवणार नव्हता, एवढाच त्या खटाटोपाचा अर्थ होता, आणि ती कधीच मुरू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते.

नवरा मरीन इंजिनियर. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगणारा. आधी तो बंदरात उतरल्यावर प्यायचा, मग जहाजावर प्यायला लागला, मग कंपनीनं त्याला कायमचं किनाऱ्यावर उतरवलं. किनाऱ्यावर तर रान मोकळंच. शेजारच्या ब्लॉकखाली कॉफीशॉप होतं. तिथे सकाळपासून बीअरच्या मोठ्या बाटल्या आणि बर्फाचे ग्लास घेऊन म्हातारे बसलेले असत, आणि त्यांच्यात आमचा हा सगळ्यांत तरुण. पंप दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याला अधूनमधून काम मिळायचं. ते नसलं की तो खाली जाऊन बसायचा.

एका संध्याकाळी मी आणि मुलगी भाजी घेऊन परतलो, तर लिफ्ट तळमजल्यावर अडकलेली. दार बंद व्हायला जायचं, एका पायावर आपटायचं आणि पुन्हा उघडायचं. पाय त्याचा होता. तो आत आडवा पडला होता, डोळे मिटून, चेहऱ्यावर अगदी समाधान. बाहेर दोन शेजारी पिशव्या घेऊन उभे होते आणि सभ्य माणसांसारखे भलतीकडे बघत होते. मुलगी तेव्हा प्रायमरी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. तिनं वाकून बापाचा पाय आत ओढला, आमच्या मजल्याचं बटण दाबलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "आई, डोन्ट क्राय लाह. पीपल लुकिंग." मी रडतेय हे मला तोवर कळलंच नव्हतं.

तोवर मी सगळं करून बसले होते. डॉक्टर झाले, समुपदेशक झाले, अबोला झाला, भांडणं झाली, अलिबागला माहेरी निघून जाईन अशी धमकी देऊन झाली. बाटल्या बेसिनमध्ये ओतून झाल्या. बाटली ओतली की तो दुसरी आणतो, यापलीकडे त्यातून काही निष्पन्न झालं नाही. ऑफिसात मी लोकांच्या आकड्यांतल्या चुका शोधायची आणि घरी माझ्याच संसाराचा हिशेब कुठे चुकतोय ते मला कळत नव्हतं. शेवटी मी हात टेकले होते.

अशात त्याच्या जुन्या कंपनीतला एक स्कॉटिश सुपरिंटेंडंट निवृत्त होऊन मायदेशी निघाला. तो सेम्बावांगलाच, ब्रिटिश आरमाराच्या वेळच्या काळ्यापांढऱ्या बंगल्यांपैकी एकात राहायचा. घरी बीअर करायचा त्याला नाद होता. जाताना त्यानं आपली सगळी सामग्री नवऱ्याला देऊन टाकली: झाकणाच्या बादल्या, रबरी नळ्या, थर्मामीटर, आणि ओकच्या लाकडाचं गुडघ्याएवढं एक पिंप, ज्यात त्यानं काही वर्षं व्हिस्की ठेवली होती. दारुड्या माणसाला दारूचं पिंप भेट देणाऱ्याच्या अकलेला काय म्हणावं ते मला आजही सुचत नाही. नवरा ते खांद्यावर घेऊन आला आणि मी ते उचलून दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवलं.

"तू आधी ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू? आता घरातच गुत्ता काढणार?"

तो त्या दिवशी प्यायलेला नव्हता. दारातच चपलांशेजारी खाली बसला. म्हणाला, "डॉक्टर म्हणतात बंद कर. मला बंद करायला जमत नाही गं. खरंच जमत नाही. पण वाट बघायला जमेल असं वाटतं."

मग त्यानं समजावून सांगितलं. काळी, तेज बीअर करायची आणि या पिंपात भरायची. लाकडानं जी व्हिस्की पिऊन ठेवलीय ती हळूहळू बीअरमध्ये उतरते, लाकूडही उतरतं, आणि त्याला महिने लागतात. "लोणच्यासारखं असतं ते. आज घातलं आणि आज वाढलं असं होत नाही." पिंप भरलेलं आहे तोवर तो बाहेर एक थेंब घेणार नव्हता. मुरली की दोन जुन्या मित्रांना बोलवायचं, माणसासारखं एकेक ग्लास प्यायचं आणि मग पुढचं पुढे.

"आणि मुरली हे कोण ठरवणार?"

"तू. मी ठरवलं तर ती उद्याच मुरेल."

मी आयुष्यात दारू चाखलेली नव्हती. माझी जीभ आमटीची आणि मुरंब्याची. पण त्या माणसाला दुसऱ्या कशाचीही वाट बघावीशी वाटताना मी किती तरी दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मी पिंप आत घेतलं.

घरी बीअर करायला तेव्हा परवाना काढावा लागायचा. तो त्यानं निमूटपणे काढला. एका शनिवारी त्यानं माझ्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात माल्टचा पाक उकळला आणि घरभर भाजलेल्या सातूसारखा वास सुटला. हॉप्सची वाळकी फुलं टाकल्यावर तो वास कडूजार झाला. तो थर्मामीटरवरून नजर हलवत नव्हता. पुढे बादलीत यीस्ट फसफसलं, शांत झालं, आणि बीअर पिंपात भरायची वेळ आली. नळीनं ती ओढून घ्यायची असते, आणि सगळे लोक पहिला घोट तोंडानं ओढतात. यानं नळी आधी पाण्यानं भरून घेतली, म्हणजे तोंड लावायला नको. हे पाहिलं आणि माझा थोडा विश्वास बसला.

पिंप शेल्टरमध्ये गेलं, कारण घरात तीच जागा त्यातल्या त्यात गार. आमच्यात नियम ठरला की शेल्टरमध्ये त्यानं जायचं नाही, चाखायला मी एकटीनं जायचं. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, देवाला फूल वाहून मी आत जायची, वरचं लाकडी बूच काढायची, काचेच्या नळीनं चमचाभर बीअर काढायची आणि जिभेवर ठेवायची. सोवळ्यात दारू चाखणारी बाई अख्ख्या सिंगापुरात मी एकटीच असेन. तो अर्धवट लोटलेल्या लोखंडी दाराबाहेर उभा असायचा.

"काय लागतं?"

सुरुवातीला मी सांगायची, ओला लाकडी चमचा चोखल्यासारखं. पुढे म्हणाले, गूळ करपल्यासारखं. मग एकदा लवंग आली, एकदा खारकेची बी. कॉफीची पूड मागे राहते तसं काही तरी राहायचं. तो प्रत्येक शब्दावर विचार करायचा. लवंग आली म्हणजे लाकूड बोलायला लागलं म्हणे. गोरे लोक याला व्हॅनिला म्हणतात, तुला व्हॅनिला लागतो का बघ. मी म्हणायची, मला तुझ्या त्या व्हॅनिलाचं काय कळतंय, मला वेलदोडा लागतोय. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो, आणि तेही मध्ये बॉम्बला न फुटणारं दार ठेवून.

शेवटी तो विचारायचा, "मग?"

"अजून नाही."

"बरं," तो म्हणायचा, आणि मुलीला घेऊन पोहायला निघून जायचा.

ते दिवस सोन्याचे होते हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर भीती वाटायची. मी जुरोंग ईस्टला ऑफिसला जायची. एमआरटीच्या गाडीत बसल्यापासून जीव टांगणीला. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावायची. तो काय बोलतो याच्याशी मला देणंघेणं नसायचं, मी फक्त पहिलं "हॅलो" ऐकायची. ते स्वच्छ आलं की उरलेला दिवस सुसह्य व्हायचा. किती तरी महिने ते स्वच्छ आलं. तो शर्टाला इस्त्री करायला लागला. मुलगी मैत्रिणींना घरी आणायला लागली, आणि त्या आत शिरण्याआधी बाबा कुठे आहे हे बघायचं तिनं सोडून दिलं.

आणि मग एका रविवारी बीअर मुरली.

मला कुणी सांगायला नको होतं. चमचा जिभेवर ठेवला आणि सगळे वास आपापल्या जागी बसले. गूळ गुळाच्या जागी, लाकूड लाकडाच्या, कडवटपणा शेवटी येऊन हलकेच निघून गेला आणि मागे व्हिस्कीची नुसती ऊब राहिली. दारू मला आवडत नाही, पण चांगली झालेली वस्तू मला ओळखता येते. ती पिंपभर बीअर त्या क्षणी उत्तम होती, आणि मला लिफ्टचं दार दिसलं, उघडणारं आणि मिटणारं. एकेक ग्लास माणसासारखा प्यायचा, असं तो म्हणाला होता. एका ग्लासवर थांबलेला मी त्याला कधीही पाहिलेला नव्हता.

"काय लागतं?" बाहेरून आवाज.

"लाकूडच जास्त," मी म्हणाले. "अजून नाही."

तो म्हणाला, "बरं."

मी खोटं बोलले, आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. ज्यांना वाटायची त्यांनी लिफ्टमधला पाय स्वतः आत ओढून बघावा.

पण झालं असं की मी अडकले. मुरली असं म्हणावं तर वाट संपते. बिघडली असं म्हणावं तरी वाट संपते. म्हणजे ती बीअर मला ना पिऊ द्यायची होती ना नासू द्यायची होती, आणि या गावची हवा अशी की सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं. शेल्टर गार असलं तरी सेम्बावांगच्या मानानंच गार. उष्णतेनं पिंप लाकडातून श्वास टाकत होतं आणि आतली बीअर दर आठवड्याला थोडी थोडी उडून जात होती. तो स्कॉटिश माणूस म्हणायचा, हा देवदूतांचा वाटा. नैवेद्य देव खरोखर खाऊन जातो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

बीअर खाली गेली की वर पोकळी राहते, पोकळीत हवा, आणि हवेनं तिचं व्हिनेगर होतं, हे नवऱ्यानंच मला सुरुवातीला समजावलं होतं. म्हणून पिंप गळ्यापर्यंत भरलेलं हवं. त्यावर त्याचा उपाय होता काचेच्या गोट्या. दुकानातून मुलांच्या खेळायच्या गोट्या आणायच्या, कुकरमध्ये उकळायच्या आणि बुचाच्या भोकातून एकेक आत सोडायच्या, म्हणजे बीअर आपोआप वर येते. ऑफिसातून आले की मी साडीचा पदर, म्हणजे इथे सलवारची ओढणी, खोचून शेल्टरमध्ये बसायची आणि गोट्या सोडायची. मुलगी म्हणायची, "आई, यू सो फनी."

तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. बूच सैल मिळायचं. रविवारी मी ते घट्ट बसवायची, आणि आठवड्याच्या मध्यात पाहावं तर ते तिरकं. मला वाटलं लाकूड आक्रसलं. मी त्याला मलमलचं फडकं गुंडाळलं आणि खलबत्त्यातल्या बत्त्यानं ठोकून बसवलं. पुढच्या खेपेला पुन्हा सैल. मी आणखी जाड फडकं घेतलं. वर्कशॉपमधून आलेल्या नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "उष्णता आहे. होतं असं," आणि हात धुवायला गेला.

पुढच्या एका रविवारी जिभेवर कैरी आली. अगदी बारीक, पण कैरीच. बाहेरून प्रश्न आला तेव्हा मी खारीक म्हणाले, कॉफी म्हणाले, तोंडाला येईल ते म्हणाले. "अजून नाही." त्यानं "बरं" म्हटलं, पण पूर्वीसारखा लगेच निघून गेला नाही. दाराच्या पलीकडे त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

मी वेड लागल्यासारखी झाले. ऑफिसच्या कंप्युटरवर चोरून वाचायची: आंबायला लागलेली बीअर दुसऱ्या स्वच्छ पिंपात काठोकाठ भरली तर आणखी काही काळ टिकू शकते. बंद पडलेल्या एका रेस्टॉरंटचं सामान विकायला निघालं होतं. तिथून रेड वाइनचं एक छोटं रिकामं पिंप मी टॅक्सीत मांडीवर घेऊन आले. टॅक्सीवाला अंकल आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल बाईच पिते. घरी सांगितलं, वाइनच्या लाकडात चव मवाळ होईल, अजून थोडे दिवस त्यात ठेवू. नवरा माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू म्हणशील तसं."

त्या पिंपाला कुबट वास होता. असल्या पिंपात गंधकाची कांडी जाळून धूर करतात, म्हणजे बुरशी मरते, असं मी वाचलं होतं. ती कांडी मला कुठे मिळेना. आणि मग मला आमच्या घरची लोणच्याची बरणी आठवली. आमच्याकडे अलिबागला लोणचं भरण्याआधी निखाऱ्यावर हिंग टाकतात आणि त्या धुरावर बरणी पालथी घालतात. बरणीला हिंगाची धुरी दिली की वर्षभर बुरशीची बिशाद नाही. माझ्या आईनं दिली, मीही इथे दर वर्षी देत होते. धूर तो धूर, असा मी विचार केला. नवरा वर्कशॉपला गेलेला. मी बार्बेक्यूचे कोळसे गॅसवर फुलवले, त्यावर चांगला ओंजळभर हिंग टाकला आणि पिंप भोकाच्या बाजूनं पालथं घातलं. घर धुरानं भरलं. शेजारची चिनी आजी दार ठोठावून आली, आत डोकावली आणि "ओ, प्रेइंग आह," म्हणून अदबीनं निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं.

चिनी मातीची बरणी धुरी घेते आणि सोडून देते. ओक सोडत नाही. ज्या लाकडानं व्हिस्की आणि वाइन धरून ठेवली त्यानं हिंगही धरला, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. दुपारभर खपून मी सगळी बीअर नव्या पिंपात भरली. रविवारी चमचा तोंडात घातला आणि मला ठसका लागला. कैरी होती, काळा गूळ होता आणि त्यावर हिंग. आमच्या गावच्या वाण्याच्या दुकानात कुणी तरी दारू सांडली असावी, असं काही तरी.

ठसक्यानं घाबरून तो दारातून आत डोकावला, आणि वास त्याच्या नाकात गेला.

"हिंग?"

मी मान हलवली.

"फोडणीची बीअर," तो म्हणाला आणि हसायला लागला. दाराला टेकून, पोट धरून हसला. मीही हसले. मुलगी धावत आली आणि आम्हांला दोघांना असं बघून तीही हसायला लागली, तिला कारण ठाऊक नसताना. हसता हसता मी मनात म्हटलं, झालं ते बरंच झालं. या वासाची बीअर कुठलाही माणूस पिणार नाही. आता ती मुरली तरी भीती नाही आणि मी तिला कितीही दिवस ठेवू शकते. मला त्या आठवड्यात गाढ झोप लागली.

पण बूच पुन्हा सैल व्हायला लागलं. नवं पिंप, नवं बूच, आणि तरी सैल. हिंगाचा जोर ओसरत गेला आणि कैरीचं व्हिनेगर झालं. मी चमचा कसाबसा गिळायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी आतून सांगायची, लवंग, वेलदोडा, अजून नाही. तो "बरं" म्हणायचा. त्याचं वजन उतरलं होतं. वर्कशॉपचं काम थांबलं होतं आणि तो दिवसभर घरी असायचा. फोनवरचं "हॅलो" अजून स्वच्छ होतं, पण आता ते पहिल्या घंटीलाच यायचं, जसा काही तो फोनवर हात ठेवूनच बसलेला असायचा.

एका रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. मुलगी शेल्टरमधून तांदळाचा डबा घेऊन आली होती. पानावर बसत ती सहज म्हणाली, "आई, इनसाइड व्हाय गॉट व्हिनेगर स्मेल वन? सो स्ट्राँग."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि तिचा चेहरा उतरला. नवऱ्यानं हातातला घास पानात ठेवला. हात धुतला. शेल्टरमध्ये गेला आणि पिंपासमोर जमिनीवर बसला. मी मागोमाग गेले.

"चाख," तो म्हणाला.

मी नळी घेतली. चमचा ओठांना लावण्याआधीच वास नाकात चढला. नेहमीचे शब्द जिभेवर होते, लवंग होती, वेलदोडा होता, पण त्याचे डोळे समोर होते आणि मध्ये दार नव्हतं.

"बिघडली," मी म्हणाले.

"कधी?"

"बरेच दिवस झाले."

"त्याच्या आधी चांगली झाली होती ना? मुरली होती ना?"

"हो."

त्यानं मान हलवली. "ठाऊक आहे मला. तू ऑफिसला गेलीस की मी इथे येऊन बसायचो. प्यायलो नाही. शपथ. फक्त बूच काढून वास घ्यायचो. एके दिवशी वासावरूनच कळलं, झाली. मी रविवारची वाट बघत राहिलो, आणि तू म्हणालीस अजून नाही. इतकं बरं वाटलं मला. वाटलं ही बाई मला वाचवतेय. पण पुढच्या रविवारी तू हो म्हणालीस तर? रोज तेच डोक्यात. मग मी बूच सैल करून ठेवायला लागलो. हवा गेली की नासणार, नासली की प्यावी लागणार नाही."

"मी ते ठोकून बसवत होते," मी म्हणाले. "बत्त्यानं."

"मला आवाज यायचा. तू ठोकायचीस आणि मी दुसऱ्या दिवशी उपटायचो."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. त्या पिंपापायी मी काय काय केलं होतं, गोट्या काय, फडकी काय, टॅक्सी काय, आणि हा रोज तेच उसवत होता. आणि त्याच क्षणी मला त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटलं की मीही खाली बसले. "हिंगाचा वास आल्यावर तरी तुला थांबायला हरकत नव्हती," मी म्हणाले. "तसली बीअर कोण पिणार होतं?"

"मी," तो म्हणाला. "हिंगाची असली तरी प्यायलो असतो गं. एकदा ग्लास भरून घेतला होता. परत ओतला."

आम्ही पिंप मोरीत नेलं आणि कलंडलं. काळं पाणी वाहून गेलं. व्हिनेगरनं डोळे झोंबत होते. मग मी नळ सोडला आणि फरशी खसखसून धुतली, कारण हाताला काही तरी काम हवं होतं. तो हॉलमध्ये जाऊन सोफ्याच्या कडेवर बसला, उठून बाहेर जायचं असल्यासारखा. खिडकीतून खालच्या कॉफीशॉपचा गलबला येत होता. फुटबॉलचा सामना लावलेला असावा, कारण मधूनमधून सगळे एकदम ओरडत होते.

"आता मी कशाची वाट बघू?" त्यानं विचारलं.

मला खोटंसुद्धा सुचलं नाही. नवं माल्ट उद्या आणू, असं म्हणता आलं असतं, पण उद्या फार लांब होता. संध्याकाळ व्हायची होती आणि त्याचा डावा गुडघा थाडथाड हलत होता.

"मला खाली जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला. "मी म्हटलं सोड, तरी सोडू नकोस."

मी त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि त्याचं मनगट माझ्या उजव्या हातानं धरलं. नाडी जोरात उडत होती. त्यानं थोड्या वेळानं हात ओढून पाहिला. मी सोडला नाही. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं, अगदी परक्यासारखं, काही तरी वाईट बोलला, आणि मग मान खाली घातली. खाली पुन्हा आरडाओरडा झाला. माझी बोटं बधिर झाली तरी मी धरूनच राहिले. बाहेर अंधार पडला तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात गेली. तिनं इन्स्टंट नूडल्स केल्या, एक बाऊल बापाच्या मांडीवर ठेवला आणि दुसरा घेऊन माझ्यासमोर खाली बसली. मग काट्यावर नूडल्स गुंडाळून, फुंकर घालून तिनं मला भरवायला सुरुवात केली, कारण माझा हात मोकळा नव्हता.